सावलीचा रकाना

घरावर सोलर लावावं का, घातलेले पैसे निघतात का, हे मला लोक कुठंही विचारतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दाताच्या दवाखान्यातसुद्धा. नोकरी सोडून सात वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत मी 'सोलरम्मा'च आहे. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी उलट विचारते, "तुमच्या दोन्ही बाजूंना काय आहे?" त्यांना वाटतं, बाईंना ऐकू कमी येतंय.

माझे वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून रेल्वेत खलाशी म्हणून सिकंदराबादला आले. मी इथंच वाढले, इथंच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. बाहेरच्या कंपन्यांना देशात दारं उघडली त्या सुमाराला कुकटपल्लीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला नोकरी लागली. मालक अमेरिकेत शिकून आलेले. परदेशातून सेल मागवणं सोपं झालं होतं आणि पुढच्या दहा वर्षांत प्रत्येक घरावर पॅनेल असेल अशी त्यांची खात्री होती.

सेल म्हणजे निळसर काळी चकती, पापडाहून पातळ. नुसती जोरात धरली तरी तडकते. अशा छत्तीस चकत्या पट्ट्यांनी एकमेकींना सोल्डर करून माळ करायची, काचेखाली घालून भट्टीत दाबायची, भोवती ॲल्युमिनियमची चौकट ठोकायची, की झालं पॅनेल. ऊन पडलं की त्यातून करंट येतो, तो बॅटरीत साठतो, आणि लाइट गेली की बॅटरीतून दिवा-पंखा चालतो. यापेक्षा अवघड त्यात काही नाही. सोल्डरिंगच्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. पहिली चार वर्षं मीही त्यांच्यात बसले. माझी धाकटी नणंद मीच तिथं लावली होती.

मग मला सर्व्हेवर पाठवायला लागले. कारण साधं होतं. दुपारी घरात बायका एकट्या असायच्या आणि अनोळखी पुरुषाला त्या गच्चीवर जाऊ देत नसत. मी साडी खोचून शिडी चढायची, होकायंत्र काढायची, फॉर्म भरायची. गच्ची कशी आहे, दिशा कोणती, किती दिवे, किती पंखे. शेवटचा रकाना सावलीचा. झाड, टाकी, शेजारची इमारत, यांपैकी कशाची सावली पॅनेलवर पडेल का, ते त्यात लिहायचं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या माळेचा करंट खाली येतो, हे लोकांना पटत नसे. एका घरी पॅनेलवर भाताचे वडियालु, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातलेले मी बघितले आहेत. विद्यानगरला एक गृहस्थ होते, ते मे महिन्यात पॅनेलवर ताडपत्री घालायचे. इतकं कडक ऊन त्याला सोसणार नाही म्हणून.

एक गोष्ट तेव्हा मी गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगत नसे, ती आता लिहून टाकते. शहरात लाइट दोन-तीन तास जात असेल, तर पॅनेलची गरजच नसते. घरच्या विजेवर चार्ज होणारा इन्व्हर्टर निम्म्याहून कमी खर्चात तेच काम करतो. पॅनेल खरं उपयोगी पडतं ते वीज दोन-दोन दिवस येत नाही तिथं. पण आमच्याकडे विकायला इन्व्हर्टर नव्हते, पॅनेल होती.

तारनाक्याच्या जोशींचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते एका फेब्रुवारीत. बैठं, सिमेंटच्या गच्चीचं, पुढं चार फुटांचं अंगण. प्रभाकरराव जोशी रेल्वेतून सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. मूळचे लातूरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता 'हौ' आणि 'नक्को' त्यांच्या तोंडात सहज यायचं. त्यांनी मला आत नेलं. मधल्या खोलीत पलंगावर त्यांचा मुलगा श्रीरंग पडून होता. वय चोवीस.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मित्रांबरोबर मेडचलकडं एका शेतातल्या विहिरीवर पोहायला गेला. वरून सूर मारला, पाणी कमी होतं, डोकं खडकावर आपटलं. मान मोडली. खांदे हलत, कोपरं वाकत, पण बोटं नाहीत आणि छातीखाली काहीच नाही. तो हवेच्या गादीवर झोपायचा. ही गादी साधी नसते. एक छोटा पंप तिच्या कप्प्यांत आळीपाळीनं हवा भरत राहतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागेवर भार पडत नाही. लाइट गेली की पंप बंद, गादी बसते, आणि खालची कातडी दबायला लागते.

"त्याहून वाईट उन्हाळा," जोशी म्हणाले. "ह्याला घाम येत नाही. मान मोडलेल्यांचं तसंच होतं म्हणे. आपल्याला उकडलं की घामानं अंग थंड होतं. ह्याचं नुसतं तापत जातं. मागच्या मेमध्ये तीन तास करंट नव्हता तर एकशे चार ताप. मालती आणि मी ओल्या चादरी बदलत बसलो."

त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, दारात उभ्या होत्या. 

"लाइट कितीही वेळ जाऊ दे, पंखा आणि पंप चालला पाहिजे," जोशी म्हणाले. "होईल का, सांगा. बॅटरी मला कळते. सिग्नलच्या केबिनी आम्ही बॅटरीवर चालवल्या. फक्त ते वरचं मला कळत नाही."

मी शिडी चढले. गच्ची मोकळी होती. दोन्ही बाजूंना तसलीच जुनी बैठी घरं, दोन्हीकडे भाडेकरू, मालक परदेशात. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी पाचपर्यंत अडथळा नाही, अशी जागा आम्हाला दहात एक मिळायची. मी दिशा लिहीत होते तेवढ्यात पश्चिमेच्या घराच्या गच्चीवर दोन माणसं दिसली. हातात टेप, खडूनं खुणा करत होती.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"अपार्टमेंट बननेवाला है मॅडम," त्यांतला एक म्हणाला. "पाँच मालाँ. ये बी घर, वो बी घर, दोनों सेठ लेलिये."

त्यानं हात आधी पायाखाली आणि मग पलीकडे, जोशींच्या पूर्वेकडच्या घराकडे दाखवला.

"आणि मधलं?"

"बीच का छोटा है, सेठ नक्को बोले. दो-तीन साल है अब्बी, परमिसनाँ बाकी हैं."

मी फॉर्मकडे पाहिलं. त्या आठवड्यात मालकांनी आम्हा तिघा सर्व्हेवाल्यांना बोलावून सांगितलं होतं, की महिनाअखेरपर्यंत ऑर्डरी आल्या नाहीत तर सोल्डरिंगची एक लाइन बंद करावी लागेल. त्या लाइनवर माझी नणंद होती. एका ऑर्डरनं लाइन चालत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी लिहिलं : पूर्व, सावली नाही. पश्चिम, सावली नाही. त्या दिवशी ते अक्षरशः खरं होतं. खाली उतरून मी जोशींना म्हणाले, "जागा उत्तम आहे काका."

जोशींनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. एका नव्या स्कूटरएवढी किंमत होती.

मार्चमध्ये आमच्या यादगिरी फिटरनं दोन पॅनेल बसवली. बॅटरीवर चालणारा पंखा पलंगाच्या पायथ्याशी लावला, गादीचा पंपही त्याच बॅटरीला जोडला. करंटचा मीटर कुठं लावायचा, हे श्रीरंगनं ठरवलं. "मला दिसेल असा लावा. दिवसभर मी छतच बघतोय, जरा बदल होईल." म्हणून आम्ही तो समोरच्या भिंतीवर, त्याच्या नजरेच्या रेषेत लावला. पॅनेलमधून जितका करंट येईल तितका काटा वर जायचा.

दर तीन महिन्यांनी तपासणीला जाणं माझ्या कामात होतं. जोशींकडे तपासण्यासारखं काही नसायचं. इतर घरी बॅटरीत पाणी घालायचं लोक विसरत, तारांना हिरवी बुरशी चढलेली असे. जोशी दर सोमवारी बॅटरीचं पाणी बघायचे, काचेच्या नळीनं आम्ल ओढून त्याची घनता मोजायचे, रविवारी गच्चीवर जाऊन पॅनेल पुसायचे. चोवीस वर्षांत असं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही. तरी मी जात राहिले, कारण श्रीरंग वाट बघायचा.

त्याच्या तळहाताला पट्टा बांधून काकू त्यात पेन्सिल अडकवून द्यायच्या. खांद्यापासून हात हलवून तो वहीत मोठे वेडेवाकडे आकडे काढायचा. दर अर्ध्या तासाला काटा कुठं होता ते. त्याचा विषय संख्याशास्त्र होता.

"मॅडम, परवा अकरा ते साडेअकरा काटा एकदम पडला. ढग होता. तुमची कंपनी अर्धा तास बंद होती."

"मग तक्रार लिहा ना आमच्याकडे."

"ढगाच्या नावानं लिहितो. पत्ता द्या."

एकदा त्यानं विचारलं, "सेल दिसतो कसा? काचेखालचा नाही, नुसता." पुढच्या वेळी मी लाइनवरची एक तुटकी चकती रुमालात गुंडाळून नेली. मी ती त्याच्या तळहातावर ठेवायला गेले तर म्हणाला, "तिथं कळत नाही. गालाला लावा." मी ती अलगद त्याच्या गालाला टेकवली. त्यानं डोळे मिटले. "थंड आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, गरम असेल."

असे दोन उन्हाळे नीट गेले. लाइट जायची, कधी दोन तास, कधी पाच. पंखा थांबला नाही. दुसऱ्या जूनमध्ये काकूंनी मला पहिल्यांदा जेवायला बसवलं आणि वाढता वाढता म्हणाल्या, "ह्या उन्हाळ्यात मी दुपारी झोपले, सुजाता. तीन वर्षांत पहिल्यांदा." घास माझ्या हातात तसाच राहिला. सांगायचं असतं तर ती वेळ होती. गच्चीवरच्या त्या दोन माणसांबद्दल मी बोलले नाही. परवानगी अडली असेल, बिल्डर बुडाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

त्या दसऱ्यानंतर पश्चिमेचं घर पाडलं. जोशींनी ऑफिसात फोन करून सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, नुसती बातमी होती. खांब उठले, स्लॅब पडत गेल्या. चौथ्या मजल्याला वहीतले दुपारचे आकडे खाली यायला लागले. श्रीरंगनं मला वही दाखवली. "आज दोन वाजून वीस मिनिटांनी काटा मेला. गेल्या आठवड्यात तीन वाजता मेला होता. बिल्डरचा वेग ह्यातून काढता येतो मॅडम." तो हसत होता. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

जोशी बिल्डरच्या ऑफिसात गेले. त्यांना खुर्ची आणि थंड पाणी मिळालं. महापालिकेत गेले. तिथल्या कारकुनानं नकाशा काढून दाखवला : अंतर नियमाप्रमाणे सोडलेलं आहे, मजले मंजूर आहेत. "ऊन कुठल्या कलमात बसतं, सांगा," तो म्हणाला. जोशींनी घरी येऊन आम्हाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना राग आला नव्हता. आयुष्यभर नियमावर चाललेला माणूस. कलम नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

यादगिरीनं लोखंडी अँगलचा उंच स्टँड करून पॅनेल वर चढवली. अर्ध्या तासाचं ऊन वाढलं. मग पूर्वेकडचं घर पाडलं. वर्षभरात दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले झाले आणि मधलं घर खड्ड्यात बसल्यासारखं दिसायला लागलं. गच्चीवर ऊन यायचं अकरानंतर आणि जायचं एकच्या सुमाराला.

ऊन कमी म्हणजे बॅटरी रोज अर्धीच भरणार. शिशाची बॅटरी अशी महिनोन् महिने अर्धपोटी राहिली, की तिच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि मग पूर्ण चार्ज केला तरी ती पहिल्यासारखा करंट साठवत नाही. हे जोशींना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी घरच्या विजेवरचा चार्जर आणून जोडला. पण दोन इमारतींच्या मोटरी, लिफ्ट, एसी सुरू झाल्यापासून गल्लीतलं व्होल्टेज इतकं उतरायचं, की संध्याकाळी चार्जर नुसता गुणगुणायचा.

एप्रिलमध्ये मी बॅटरी तपासली. निम्मी गेली होती.

"नवी आणतो," जोशी म्हणाले. "आजच जातो."

"थांबा काका," मी म्हणाले. "अजून गॅरंटी आहे. मी कंपनीकडून बदलून देते. तुमचा एक पैसा नको."

मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंच होतं. का, ते त्यांना माहीत नव्हतं. मी अर्ज केला. बॅटरीवाल्यांचं पत्र आलं, की कमी चार्जमुळे झालेलं नुकसान गॅरंटीत बसत नाही. मी पुन्हा लिहिलं. मालकांना गाठलं. मालकांचं लक्ष तोवर पॅनेलवरून उडालं होतं. शेडच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटर शिकवायचे वर्ग काढायचं चाललं होतं. "देखेंगे," ते म्हणाले. मी जोशींना सांगितलं, आठ दिवस थांबा. मग आणखी आठ दिवस. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. एका दुपारी मोठा आवाज झाला आणि सगळं बंद. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात माझ्या नावानं फोन आला. काकू होत्या. त्या मला कधी फोन करत नसत. "पंखा थांबला," एवढंच म्हणाल्या.

मी स्टोअरमधून भरलेली बॅटरी उचलली, सही करायला थांबले नाही. यादगिरी आणि मी ती ऑटोत पायांत ठेवून कुकटपल्लीहून निघालो. वाटेत दोनदा रस्ता तुंबला. दीड तास लागला. ऑटोच्या छताखाली बसवत नव्हतं, इतकं ऊन होतं. बॅटरीवर हात ठेवला तर चटका बसत होता.

घरात शिरले तर काकू ओल्या टॉवेलनं श्रीरंगचे पाय पुसत होत्या आणि दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र हलवत होत्या. गादी बसलेली; दुपारचं तेवढंसं ऊन मेलेल्या बॅटरीला पंखा फिरवण्याइतकं पुरलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल, अंग कोरडं. जोशी घरात नव्हते. पश्चिमेच्या इमारतीत जनरेटर चालू होता, त्याची घरघर खिडकीतून ऐकू येत होती. जोशी तिथं एक वायर मागायला गेले होते.

यादगिरीनं वायरी सोडवल्या, मी नवीन बॅटरी जोडली. पंखा फिरला. पण त्यानं फेकलेली हवा भट्टीसारखी होती.

श्रीरंगनं डोळे उघडले. समोरच्या मीटरकडे बघून त्यानं विचारलं, "मॅडम, आज ढग आहे का?"

बाहेर आभाळ पांढरं तापलेलं होतं. काटा शून्यावर होता, कारण एक वाजून गेला होता.

"हो," मी म्हणाले. "जाईल आता."

मी धावत जोशींना बघायला गेले. इमारतीच्या जिन्यात ते सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर उभे होते. तिशीतला मुलगा, पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. तो काही उर्मट नव्हता. "काका, माझी काहीच हरकत नाही," तो म्हणत होता. "पण जनरेटर कॉमन आहे, डिझेल सगळ्यांचं. मी कमिटीतल्या दोघांना फोन लावलाय. पाच मिनिटं द्या." जोशी मान हलवत होते. रांगेत नंबर लागावा तसे उभे होते. मी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "काका, वायर नको आता. ॲम्ब्युलन्स."

नंतर कळलं, वायर मिळाली होती. आम्ही दवाखान्यात पोचलो त्या सुमाराला सेक्रेटरी स्वतः वायर घेऊन घरी आला होता. दाराला कुलूप होतं.

श्रीरंगचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण दवाखान्यात हवेची गादी नव्हती. बारा दिवस तो साध्या पलंगावर होता. नर्सा दोन, रुग्ण चाळीस. दर दोन तासांनी कूस बदलायची ती कोण बदलणार? काकू एकट्या जमेल तेवढं करायच्या. घरी आणला तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. ती भरली नाही. पावसाळ्यात हाडापर्यंत गेली. कार्तिकात एका सकाळी तो गेला. डॉक्टरांनी कागदावर रक्तातला जंतुसंसर्ग लिहिलं. मी विचारलं, तर म्हणाले, "अशा पेशंटचं असंच होतं, बाई. एक कारण नसतं."

नवी बॅटरी कंपनीनं शेवटपर्यंत मंजूर केली नाही. मी उचलून नेलेलीची किंमत माझ्या पगारातून कापली. त्याचं मला बरंच वाटलं.

संक्रांतीनंतर जोशींचा फोन आला. पॅनेल काढून न्या, म्हणाले. यादगिरीला घेऊन मी गेले. काकू लातूरला भावाकडे गेल्या होत्या. मधल्या खोलीतला पलंग हलवलेला, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली. यादगिरी गच्चीवर चढला आणि नट सोडवायला लागला. जोशींनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती.

"सुजाताबाई, तुम्ही खूप केलंत," ते म्हणाले. "त्या दिवशी उन्हातून बॅटरी घेऊन आलात. श्रीरंग तुमचं नाव काढायचा."

ते मला ऐकवेना. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गच्चीवरची दोन माणसं, खडूच्या खुणा, पाच मजले, दोन्ही घरं. सावलीच्या रकान्यात मी काय लिहिलं ते. इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी घेतली असती, तर निम्म्या पैशांत पुरे झालं असतं आणि उरलेल्या पैशांत दर दोन वर्षांनी नवी बॅटरी आली असती, तेही. अर्ज करत बसले नसते तर एप्रिलमध्येच त्यांनी नवी आणली असती, तेही. मी रडले नाही. सर्व्हेचा अहवाल वाचावा तसं सांगत गेले.

 वरून पाना आपटल्याचा आवाज येत होता.

"हे तुम्हाला सर्व्हेच्या दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी पैसे भरायच्या आधी."

"हो काका."

त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत बोलायला लागले. "सिग्नलमध्ये असताना अपघात झाला की चौकशीला मला बसवायचे. आठ-आठ दिवस कागद चाळायचे, आणि शेवटी कुणाची तरी चूक निघायचीच. निघाली नाही असं एकदाही झालं नाही. श्रीरंग गेल्यावर मी ठरवलं, ह्याची चौकशी करायची नाही. ऊन गेलं, ट्रान्सफॉर्मर जळाला, दवाखान्यात गादी नव्हती. कुणाचीच चूक नाही. मालतीलाही तेच सांगितलं. त्यावर ती चार घास खायला लागली. भावाकडे जायला तयार झाली." ते थांबले. "तुम्ही सांगून मोकळ्या झालात, बाई."

मी कप बशीसकट बाजूला सरकवला.

"आता एकच सांगा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "हे मालतीला सांगू की नको?"

मी काही बोलण्याआधी यादगिरीनं वरून हाक मारली, पॅनेल उतरवायला खालून कुणीतरी धरायला पाहिजे होतं. जोशी उठले आणि माझ्या आधी बाहेर गेले. दोघांनी मिळून दोन्ही पॅनेल उतरवली, अंगणात भिंतीला टेकवली. ऑटो आला. मी नमस्कार केला, त्यांनी हात जोडले.

त्यांनी काकूंना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी त्या घरी परत गेले नाही.